बालेवाडीत कॉन्फरन्स, १२०० माणसं आणि हॉटेलचं वायफाय

धायरीचा_फोटोवाला
मंडळी, दहा वर्षं लग्नं शूट करतोय, लॉकडाऊनमध्ये लाइव्हवरच घर चाललं. आता पहिल्यांदा कंपनीचं काम आलंय. पुण्यात बालेवाडीला हॉटेलमध्ये कॉन्फरन्स, हॉलमध्ये १२०० माणसं, बाकीची ऑफिसं यूट्यूबवर बघणार, आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक भाषणाचा वेगळा व्हिडिओ हवाय. तीन कॅमेरे, ते बदलायला एटेम मिनी हा स्विचर, लॅपटॉपवर लाइव्ह पाठवायचं ओबीएस सॉफ्टवेअर. हॉटेलवाले म्हणतात, "१०० एमबीपीएसचं वायफाय आहे, बिनधास्त या." बॅकअपला रोज २ जीबीचं डोंगल आहे. जाऊ का बिनधास्त?

जुना_स्विचर
अजिबात नको. मी हा मार एका हॉटेलात खाल्लाय. सकाळी आठला टेस्ट घेतली, फर्स्टक्लास. चहाच्या सुट्टीत हजार फोन त्याच वायफायवर चढले आणि साहेबांच्या भाषणात चित्र गोठलं, नेमका साहेबांचा जांभईसारखा चेहरा. मुंबई ऑफिसनं त्याचे स्क्रीनशॉट फिरवले. पुढचं काम मला मिळालं नाही, हे सांगायला नको.

स्वतंत्र वायरची लाइन मागा आणि डाउनलोड नाही, अपलोड किती ते विचारा. १०८०पी म्हणजे फुल एचडी चित्राला ६ एमबीपीएस धरा, लाइन त्याच्या दुप्पट हवी. डोंगलचं गणित करा : ६ च्या वेगानं तुमचे २ जीबी पाऊण तासात संपतात. आठ तासांना साधारण २२ जीबी. शिवाय हॉलमध्ये १२०० मोबाइल, म्हणजे टॉवरही गुदमरलेला. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा आणि गर्दीच्या वेळी तपासा, रिकाम्या हॉलमध्ये नको.

पाहुण्यांचे लॅपटॉप आदल्या दिवशी जोडून बघा. काही मॅकबुक एचडीसीपी, म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप, लावून बसतात, मग रेकॉर्डिंगला काळी पाटी.

कर्वेनगर_साउंड
चित्र अडखळलं तर लोक बसतात, आवाज गेला की उठतात. हॉलच्या स्पीकरला जातो तोच आवाज घेऊ नका, मिक्सरवरून वेगळा ऑक्स, म्हणजे फक्त तुमच्यासाठीचं आउटपुट, मागा. टाळ्यांसाठी एक माइक प्रेक्षकांकडे. घूंऽऽ असा आवाज आला तर अर्थिंगचा घोळ, मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, विचारा. आणि ब्रेकमध्ये सिनेमाची गाणी लाइव्हवर जाऊ देऊ नका, यूट्यूब कॉपीराइटमध्ये पकडतं.

धायरीचा_फोटोवाला
आभार, झोप उडवलीत! वेगळे व्हिडिओ कसे काढू? आणि चॅनल कंपनीचं, नवीन आहे.

जुना_स्विचर
नवीन चॅनलवर लाइव्ह आजच सुरू करून घ्या, परवानगीला २४ तासांपर्यंत लागू शकतात. सकाळी मंचावर दिवा लावताना हे कळलं तर अवघड आहे. व्हिडिओसाठी ओबीएसमध्येच रेकॉर्ड करा, एमकेव्ही प्रकारच्या फाइलमध्ये. जनरेटर सुरू होईपर्यंत लॅपटॉप बसला तरी फाइल वाचते, साधी एमपी४ मात्र जाते. एका पोराला वही देऊन बसवा : कोण बोलायला उठलं, घड्याळात किती वाजले. कापायला तीच वही कामाला येते. कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंद, नाहीतर चित्रात दिवे लुकलुकतात.

धायरीचा_फोटोवाला
काल जाऊन आलो. वायरचा पॉइंट आहे, पण स्टेजच्या मागे. माझं टेबल हॉलच्या दुसऱ्या टोकाला. ६० मीटर केबल आणि ती चिकटवायला टेपचे चार रोल घेतले. वहीसाठी भाचा तयार आहे, जेवण फुकट म्हटल्यावर.

जुना_स्विचर
टेप कापडी घ्या. तपकिरी टेप उचलताना हॉटेलच्या गालिच्याचे केस निघतात, तो खर्च मी भरलाय.