मदत हवी आहे: रायगडावरचे तीन तलाव, पायी, एका दिवसात

हर्णैकर:
रविवारी मुलांना घेऊन निघायचंय, म्हणून घाई आहे. गंगासागर, हत्ती तलाव आणि कुशावर्त बघून त्याच दिवशी घरी परत. रोपवे नको, पायऱ्यांनीच चढणार. किती वेळ धरू आणि पाणी किती नेऊ? इतिहास माहीत आहे, तो कृपया नको.

कातळवाट:
बरोबर कोण कोण आहे? मुलांची वयं काय?

महाडचा_पाव्हणा:
वयं कशाला हवीत? पोरं मोठ्यांच्या पुढे पळतात. पायथ्याच्या चित्त दरवाजातून दीड तास धरा. चौदाशे-साडेचौदाशे पायऱ्या आहेत.

जांभा:
सतराशेच्या वर आहेत.

महाडचा_पाव्हणा:
कुठून मोजल्या? वरच्या राजवाड्याच्याही धरल्यात वाटतं.

खाडीकाठ:
६ जूनच्या आसपास अजिबात जाऊ नका. राज्याभिषेक दिनाला मुंगीला वाट मिळत नाही. तिथीने ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीलाही तेच.

हर्णैकर:
अहो, नोव्हेंबर चाललाय. रविवार म्हणजे हाच रविवार. मुलगी सहा वर्षांची, मुलगा अकराचा, आम्ही दोघं आणि सासूबाई. आता सांगा.

कातळवाट:
सासूबाईंचं वय आणि गुडघे?

हर्णैकर:
अडुसष्ट. चढताना काही त्रास नाही, उतरताना उजवा गुडघा दुखतो. पण त्या पायीच म्हणतात.

कातळवाट:
मग दीड तास विसरा. सहा वर्षांचं मूल दर शंभर-दीडशे पायऱ्यांनी बसणार, म्हणजे वर जायला अडीच तास. गुडघ्याचा प्रश्न उतारावर येतो. प्रत्येक पायरीला वर राहिलेल्या पायाचा गुडघा अख्खं वजन पेलत वाकतो, आणि या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नाहीत. उतरताना दुखरा पाय आधी खाली, चांगला मागून. काठी आपल्या उंचीला बेताची हवी. दुखऱ्या बाजूला धरू नका, डाव्या हातात धरा. हे सगळं करूनही सासूबाईंनी उतरताना रोपवेच घ्यावा. रागावू नका.

महाडचा_पाव्हणा:
रोपवेने गेलं की गड बघितल्यासारखा वाटत नाही.

जांभा:
कुणाला काय वाटतं ते सोडा. हिरकणीवाडीचा रोपवे १९९६ पासून चालू आहे तो अशाच माणसांसाठी. पण रोपवे म्हणजे पायऱ्या सुटल्या, असंही नाही. वर तो मेणा दरवाजाच्या बाजूला पोचवतो. तिथून राणीवशाकडे चढायचं, आणि गंगासागराच्या काठाला जायचं तर पालखी दरवाजाच्या ३१ पायऱ्या उतरायच्या. वारा जोराचा असला तर रोपवे थांबतो. रविवारी रांग लागते ती वेगळीच.

हर्णैकर:
ही ३१ पायऱ्यांची गोष्ट कुणीच सांगितली नव्हती. बरं, पाणी?

नारळीपाक:
पाणी न्यायचंच कशाला? गंगासागराचं भरा आणि तुरटी फिरवा. आपल्या विहिरींना हेच करतात.

कातळवाट:
तुरटीने गाळ तळाला बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी नितळ दिसतं म्हणून माणूस बिनघोर पितो, धोका तिथेच आहे. अगदीच वेळ आली तर कपड्यातून गाळून क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या मापाने घाला आणि अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या गाळातच खर्ची पडतं, म्हणून गाळणं आधी.

नारळीपाक:
आमच्याकडे तुरटीने कुणी मेलं नाही.

कातळवाट:
बरं. हर्णैकर, हिशेब असा: तुम्हा दोघांना तीन-तीन लिटर, मुलांना दीड-दीड, सासूबाईंना दीड. एकूण साडेदहा, म्हणजे साडेदहा किलो वजन. मुलांच्या पाठीवर एका बाटलीपेक्षा जास्त देऊ नका. सुट्टीच्या दिवशी वाटेत ताक-सरबतवाले बसतात, पण त्यांच्या भरवशावर पाणी कमी करू नये. क्षार-साखरेचं एक पाकीट लिटरभर पाण्यातच मिसळायचं, पेलाभर पाण्यात नाही. नुसतं पाणी ढोसलं की घामातून गेलेलं मीठ भरून येत नाही, मग पोटरीत वांब येतात. घरचं कोकम सरबत मीठ घालून नेलं तरी चालेल.

खाडीकाठ:
अवांतर: आंबेतच्या पुलाची अवस्था काय आहे सध्या?

जांभा:
त्यांना आंबेत लागतच नाही. हर्णैहून मंडणगडमार्गे महाड, तिथून पाचाड. आंबेत गोरेगाव-माणगावकडे जाणाऱ्यांना.

गवतीचहा:
एवढं लांब कशाला? खेडजवळ रसाळगड करा. पायथ्याच्या वाडीतून अर्ध्या तासात वर. झोलाई-वाघजाईचं देऊळ आहे, पाण्याची टाकी आहेत, तोफा आहेत. लहान मुलं आणि म्हातारी माणसं दोघांनाही बरं.

हर्णैकर:
मुलांना तलाव बघायचेत हो, टाकी नाही. ते बोललेत तेच करायचंय. हत्ती तलावात पाणी असतं का? कोरडा असतो असं ऐकलंय.

जांभा:
ते जुनं झालं. भिंतीतून गळती होती. दुरुस्तीनंतर २०२० च्या पावसाळ्यात तो भरला. नोव्हेंबरात तिन्हीकडे पाणी बघायला मिळेल, एप्रिल-मे मध्ये मात्र ती मजा नाही. क्रम आपोआप लागतो. महादरवाजा आला की मुलं ‘पोचलो’ म्हणून ओरडतात, तेव्हा त्यांना सांगून ठेवा की अजून चढ आहे. तो संपला की आधी हत्ती तलाव, धर्मशाळेच्या दक्षिणेला पन्नास-शंभर पावलांवर गंगासागर. कुशावर्त होळीच्या माळावरून उताराला. त्याच्या पुढची घळ वाघ दरवाजाकडे उतरते, तिथे मुलांना सोडू नका. पाण्यात उतरायचं तर नावच नको. काठाच्या दगडांवर शेवाळ असतं.

महाडचा_पाव्हणा:
आणि टकमक टोक?

जांभा:
सहा वर्षांच्या मुलीला घेऊन नको. त्यांनी विचारलंही नाहीये.

कातळवाट:
वेळ असा पडेल. पाचाडला सातच्या आत. गाडी रोपवेच्या वाहनतळावर लावून रस्त्याने मागे चित्त दरवाजाला या, म्हणजे रोपवेने उतरणारा गाडीपाशीच उतरेल. साडेनऊ-दहाला हत्ती तलाव. अकरापर्यंत गंगासागर, बाराच्या आत कुशावर्त, मग सावली बघून डबा. दोनला परतीला लागा. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि दमलेलं मूल उतारालाच रडतं. डबा पिशवीत लटकवून नेऊ नका, वानरं हिसकतात.

हर्णैकर:
ठरलं. चढताना सगळे पायी. उतरताना सासूबाई आणि मुलगी सौ.बरोबर रोपवेने, मी आणि मुलगा पायऱ्यांनी. सासूबाईंना पटवायचं काम बाकी आहे.

नारळीपाक:
तुरटीचा खडा खिशात असू द्या.

जांभा:
वर पोचल्या पोचल्या रोपवेच्या खिडकीवर जाऊन उतरायचं एकेरी तिकीट आणि शेवटची खेप किती वाजता ते विचारून घ्या. रांग मोठी असेल तर कुशावर्त आधी उरकू नका, आधी सासूबाईंचा नंबर लावा. आणि वर फोनच्या भरवशावर राहू नका. खाली कुठे, किती वाजता भेटायचं ते आधीच ठरवा.

खाडीकाठ:
म्हणजे आंबेतचं कुणालाच माहीत नाही तर.