ॲपवरच्या मुलाला पहिल्यांदा भेटायचंय, अक्कलकोटला जाऊ का?

प्रश्न (जुळे सोलापूर):
दीड महिना बोलतोय. तो पुण्यात नोकरीला. शुक्रवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसने येणार, शनिवारी मित्राची गाडी घेऊन अक्कलकोटला जाऊ म्हणतो. घरी माहीत नाही. मन होतंय, पण धाकधूकही आहे.

उत्तर १:
पहिल्याच भेटीत अक्कलकोट नको गं! जवळपास ४० किलोमीटर, आणि परत यायचं त्याच्या मर्जीवर. दुपारी, गर्दीच्या ठिकाणी, तुझ्या स्कूटीवर जा. मी सात रस्त्याजवळ एका हॉटेलात भेटले होते, ताई दोन टेबलं सोडून बसलेली. समोर आला तो फोटोपेक्षा दहा वर्षांनी मोठा. चहा अर्धा टाकून उठले. ताई होती म्हणून उठायचा धीर झाला.

उत्तर २:
आधी व्हिडिओ कॉल झालाय का? घरचा पत्ता सांगू नकोस, लाइव्ह लोकेशन मैत्रिणीला पाठव. अडचण आली तर ११२ वर पोलिसांना फोन कर. पैसे मागितले तर देऊच नकोस. गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार कर.

प्रश्नकर्ती:
व्हिडिओ कॉल टाळतोय तो, कॅमेरा बिघडलाय म्हणतो. आज रात्री परत विचारते. ताईला आत्ताच सांगितलं.