शब्दचर्चा : ‘ग्रह’ आठ की नऊ?

प्रश्न : मी फोंडा तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. मुलांच्या पुस्तकात आठ ग्रह आहेत. देवळात मात्र ती नवग्रहांची पूजा पाहतात आणि त्यांत सूर्य-चंद्रही असतात. दोन्हीकडे ‘ग्रह’ शब्दाचा अर्थ एकच आहे का?

उत्तर : नाही, बाई. मूळ धातू ‘ग्रह्’ म्हणजे धरणे; ग्रहण, आग्रह, पूर्वग्रह हे शब्द त्याचेच. (‘गृह’ म्हणजे घर, तो शब्द वेगळा, वहीत ‘ग्रहपाठ’ दिसला तर अवश्य दुरुस्त करावा.) पंचांगातील ग्रह म्हणजे ताऱ्यांमधून जागा बदलताना दिसणाऱ्या सात ज्योती, म्हणजे रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र व शनी, आणि त्यांच्या जोडीला राहू-केतू. हे दोघे पिंड नसून चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला जिथे छेदतो ते दोन बिंदू आहेत, आणि ग्रहणे त्यांच्याजवळच घडतात. पृथ्वी या यादीत नाही, कारण पाहणारा तिच्यावरच उभा आहे.

खगोलशास्त्रातील व्याख्या 2006 साली प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने ठरवली : जो सूर्याभोवती फिरतो, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने जवळजवळ गोल झालेला असतो आणि ज्याने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असतो, तो ग्रह. शेवटच्या अटीमुळे प्लूटो बटुग्रह ठरला.

तरीही जुने शब्द मुलांपासून दूर ठेवू नयेत, असे मला मनापासून वाटते, कारण त्यांत शतकांचे निरीक्षण साठले आहे. शनीचे जुने नाव शनैश्चर, म्हणजे सावकाश चालणारा. सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करायला त्याला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणून बारा राशींपैकी एकेका राशीत तो अदमासे अडीच वर्षे राहतो, आणि तीन राशींची मिळून होते साडेसाती. फलज्योतिषावर विश्वास असो वा नसो, हा हिशेब आकाशातूनच आलेला आहे. गुरूची फेरी सुमारे बारा वर्षांची, म्हणजे राशीला साधारण एक वर्ष.

गोव्यातील मुलांना तर आणखी एक जवळचे उदाहरण देता येईल. घरी कोकणीत गुरुवारला ‘बिरेस्तार’ म्हणतात. त्यात बृहस्पती, म्हणजे गुरू ग्रहच आहे. पोर्तुगीज भाषेत मात्र सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा अशी शुक्रवारपर्यंत क्रमांकांची नावे आहेत; त्यांत ग्रह सापडत नाहीत.

पुन्हा प्रश्न : युरेनसला हर्षल म्हणावे, प्रजापती की अरुण?

उत्तर : ‘हर्षल’ पंचांगांत रूढ आहे आणि ते 1781 साली हा ग्रह शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांच्या नावावरून आले. ‘प्रजापती’ मराठी ग्रंथांत आढळते, ‘अरुण’ हिंदीतले. वर्गात ‘युरेनस’ म्हणावे आणि ‘हर्षल’ हे त्याचेच नाव असल्याचे सांगावे. नेपच्यूनला ‘वरुण’ म्हणतात. तो 1846 साली आधी गणिताने आणि मग दुर्बिणीने सापडला. या दोघांच्या नावाचे वार नाहीत, कारण वारांची नावे त्यांच्या शोधाच्या कितीतरी आधी ठरली होती.