आयुक्तांचा पगार खरंच कमी आहे?

मुलुंडकर:
काल एका महाशयांनी लिहिलं, "एवढी मोठी मुंबई सांभाळणाऱ्या आयुक्ताला हा पगार म्हणजे थट्टा. खासगी सीईओइतका द्या." डोकंच फिरलं. २०२५-२६ चं बजेट ७४,४२७ कोटी, मान्य. पण ते आयुक्तांनी धंदा करून मिळवलंय का? कर आपण भरतो. कंपनी बुडाली की सीईओ घरी बसतो, इथे रस्ता खचला की साहेब दुसऱ्या खात्यात. वर बंगला, गाडी, नोकरीची हमी. सातव्या वेतन आयोगात खुद्द कॅबिनेट सचिवाचं, म्हणजे देशातल्या सर्वांत वरच्या सनदी अधिकाऱ्याचं, मूळ वेतन २,५०,०००. आयुक्त त्याच्याही वर बसवायचे?

जुना कारकून:
घरात बसून लिहिणं सोपं आहे. पालिकेत नोकरी केलीय मी. पावसाळ्यात रात्री दोनला साहेब कंट्रोल रूममध्ये उभे असतात. आणि काम केल्याचं बक्षीस काय? नवी मुंबईत २०१६ ला आयुक्त तुकाराम मुंढेंवर अविश्वास ठराव, १०४ विरुद्ध ६. सरकारने तेव्हा वाचवलं, मार्च २०१७ ला बदली केलीच.

मुलुंडकर:
म्हणजे दुखणं बदलीचं. मग मुदत पक्की करून मागा, पगार कशाला मध्ये आणता?

सॅन होजेवाली:
सीईओ-सीईओ करणाऱ्यांनी आमच्याकडचं बेल बघा. लॉस एंजेलिसजवळचं, चाळीस हजारांच्या आतलं गाव. सिटी मॅनेजर, म्हणजे तिथला आयुक्तच, रॉबर्ट रिझोचा मूळ पगार वर्षाला पावणेआठ लाख डॉलरच्या वर! २०१० मध्ये पेपरने बाहेर काढलं, २०१४ ला १२ वर्षांची शिक्षा झाली.

जुना कारकून:
अमेरिकेतल्या चोराचं इथे काय? आमचे साहेब चोर आहेत का?

सॅन होजेवाली:
चोर कोण म्हणालं? पगार ठरवणं कौन्सिलच्या, म्हणजे नगरसेवकांच्या हातात दिलं की काय होतं ते सांगतेय. नीट वाचा.

घंटागाडी:
तुमचे लाख चालू द्या. माझे भावजी एका नगरपालिकेत कंत्राटी सफाईला आहेत. पगार खात्यात पडला की कंत्राटदाराचा माणूस एटीएमच्या दारात उभा. "वरचे" पैसे मोजून घेतो, मगच उद्याची हजेरी. पीएफची पावती ताईने आजवर बघितलेली नाही.

जुना कारकून:
तक्रार करायची मग. कायदा आहे.

घंटागाडी:
करा ना तुम्ही! मुंबईच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम व्हायला २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. युनियन होती म्हणून झालं. भावजींच्या मागे कोण आहे?

मुलुंडकर:
आणि हे होताना आयुक्तांची सही कुठे असते? त्याच कंत्राटावर.

जुना कारकून:
सही स्थायी समितीच्या मंजुरीनंतर असते साहेब. नगरसेवकांना विचारा.

मुलुंडकर:
कोणते नगरसेवक? मार्च २०२२ ला मुदत संपली, पुढे साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक म्हणून आयुक्तच होते. स्थायी समितीही तेच, सभागृहही तेच.

जुना कारकून:
बरं बाबा, तेवढं खरं. मग तिघांचं काम एकट्याने केलं, तिप्पट पगार द्या!

घंटागाडी:
द्या की. फक्त साहेबांच्या एटीएमपाशीही एक माणूस उभा करा.