रोहिणी लागल्या, गच्चीची भेग तशीच. आधी काय करू?

पंचवटीची सून: आमच्या घराला पुढे मंगलोरी कौलं, मागे स्लॅब. दर मे महिन्यात शाकारणी होते, यंदा सासूबाईंच्या आजारपणात सगळं राहून गेलं. काल गच्ची झाडताना कठड्याच्या कडेला भेग दिसली, नाणं उभं शिरेल एवढी. खाली देवघराच्या भिंतीला पोपडे आलेत. पैसे एकाच कामापुरते आहेत. रंग की गच्ची?

सातपूरकर: ताई, गच्चीच. ओल्या भिंतीवर रंग टिकत नाही. भेग छिन्नीने थोडी रुंद करा, तारेच्या ब्रशने धूळ काढा, पाणी मारा आणि पॉलिमर घातलेला सिमेंटचा माल दाबून भरा. कठडा आणि स्लॅब मिळतात तिथे गोलाई द्या, पाणी तिथेच मुरतं. वर आठवडाभर ओलं गोणपाट ठेवा, नाहीतर या उन्हात पुन्हा तडकेल. मग कडेने मातीचा बांध घालून एक दिवस पाणी साठवून बघा.

गंगाकाठ: कौलंही विसरू नका. फुटकी तेवढीच बदला. चढणाऱ्याला पाय वाशावरच ठेवायला सांगा, आमच्याकडे एका कामात सहा नवी कौलं फुटली होती. पन्हळही साफ करून घ्या.

पंचवटीची सून: पन्हळ आजच उपसली. पाल्याखाली वीतभर पिंपळ निघाला, मुळं थेट त्याच भेगेत गेलेली! गवंडी परवा येतोय. तोवर मुळं ओढू नको म्हणालाय, तोच उकरून काढेल.