मदत हवी आहे: दुसऱ्या रात्रीचा मुक्काम तळ्याकाठी की खिंडीत?

चढउतार
नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येते. पाच दिवसांचा डोंगरातला ट्रेक, चार मुक्काम. सगळं सामान आपापल्या पाठीवर, पोर्टर नाहीत, खेचरं नाहीत. पहिला, तिसरा आणि चौथा मुक्काम ठरलाय, त्याबद्दल प्रश्न नाही. दुसऱ्या रात्रीसाठी दोन जागा डोक्यात आहेत.

अ) तळ्याकाठी. तीन बाजूंना कडे, पाणी टेंटच्या दारात. फोटो बघून ग्रुप वेडा झालाय.
ब) तळ्याच्या वरची खिंड. दोन्ही दऱ्या दिसतात आणि तिसऱ्या दिवसाची चढण आदल्या दिवशीच संपते.

दोन्ही जागा मी प्रत्यक्ष पाहिलेल्या नाहीत, नकाशा आणि उपग्रहाच्या चित्रावरून काढल्यात. परवापर्यंत ग्रुपला कळवायचंय. डोंगराचं नाव मुद्दाम देत नाही, मागच्या वेळी दिलं तर सगळा धागा तिथल्या गर्दीवर गेला. अ की ब, एवढंच सांगा.

भिंगरी
किती जण? उंची किती? कुठला महिना?

सॅकवाला
ब. डोळे झाकून ब. मी खिंडीत राहिलोय. रात्री टेंटच्या बाहेर डोकं काढलं की वर, खाली, सगळीकडे चांदण्या. तळ्याकाठी काय, कुणीही राहतं.

जुना भिडू
डोळे झाकून खिंडीत झोपायला मीही गेलो होतो. डोळे रात्री दोनला उघडले, टेंटचा पोल मोडला तेव्हा. पहाटेपर्यंत आम्ही तिघं कापड धरून बसलो होतो. अहो, खिंड म्हणजे एका दरीतला वारा दुसऱ्या दरीत जायचं दार. त्या दारात अंथरूण घालायचं? शिवाय तिथे पाणी नाही, आणि विजा चमकायला लागल्या तर आजूबाजूला सगळ्यात उंच तुम्हीच.

सॅकवाला
पोल मोडला तो टेंटचा दोष. खिंडीला का बोल लावता?

जुना भिडू
टेंट तुमच्याच सल्ल्याने घेतला होता. जुने धागे उघडून बघा.

कंदील
ताई, स्लीपिंग बॅग घेताना पिशवीवरचा मोठा आकडा बघू नका. आत शिवलेल्या लेबलवर तापमानाचे दोन आकडे असतात, आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मोजलेले: 'कम्फर्ट', म्हणजे आरामात झोप लागेल ते, आणि 'लिमिट', म्हणजे अंग आखडून कशीबशी रात्र निघेल ते. विकणारे लिमिटचा आकडा दाखवतात. तुम्ही कम्फर्टचा धरा. आणि खालची मॅट पातळ असेल तर भारीतली बॅगही उपयोगाची नाही, कारण अंगाखाली दबलेल्या भरावात हवा राहत नाही.

चढउतार
@कंदील, धन्यवाद, पण बॅगा घेऊन झाल्यात.
@भिंगरी, ११ जण, ६ टेंट. तळं ३६५० मीटर, खिंड ३९२०. आता सांगा, अ की ब?

शंकासुर
टेंट दोघांचे असतील तर ११ जणांना सहा बरोबर आहेत म्हणा. पण एक तिघांचा घेतला तर पाचात भागेल. वजन वाचेल.

चढउतार
भागणार नाही. एक जण घोरतो. सहावा टेंट त्याचा एकट्याचा, यावर मतदान झालेलं आहे.

निम्मा रस्ता
घोरणाऱ्याचा टेंट वाऱ्याच्या खालच्या अंगाला आणि निदान तीस पावलं लांब. आमच्यात एकाला इतका लांब ठेवला होता की सकाळी तो कुठे आहे तेच आठवेना. त्याच्या आवाजावरूनच सापडला.

भिंगरी
पहिला मुक्काम किती उंचीवर? आणि महिना राहिलाच.

चढउतार
पहिला मुक्काम ठरलाय म्हटलं ना. २८८०. त्याचा दुसऱ्या रात्रीशी काय संबंध?

दगडफूल
संबंध सगळा तिथेच आहे. २८८० ला झोपून दुसऱ्या रात्री ३६५० ला झोपायचं म्हणजे ७७० मीटरची उडी. खिंडीत गेलात तर १०४० ची. उंचीवरच्या आजाराबद्दल डॉक्टर आणि गिर्यारोहक सर्वसाधारणपणे जे पाळतात ते असं: ३००० मीटरच्या वर गेलात की *झोपायची* उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांत एक दिवस त्याच उंचीवर काढायचा. दिवसा कितीही वर जाऊन या, रात्री कुठे झोपता ते महत्त्वाचं.

थोडक्यात, माझ्या मते अही नाही आणि बही नाही. २८८० आणि ३६५० च्या मध्ये सपाट जागा आहे का?

सॅकवाला
हे ५०० मीटरचं पुस्तकी आहे. मी एका दिवसात हजार चढून झोपलोय, काही झालं नाही.

भिंगरी
तुम्ही एक जण. त्यांच्याकडे अकरा आहेत आणि त्यातला कुठला सॅकवाला निघेल ते आधी कळत नाही. फिटनेसवरही नसतं ते. आमच्यात सगळ्यात आधी डोकं धरून कोण बसलं, तर रोज दहा किलोमीटर पळणारा.

शंकासुर
खरं तर टेंटच कशाला? हॅमॉक घ्या, दोन झाडांना बांधायची झोळी. सपाट जमीन शोधायची कटकटच संपली. खाली दगड असोत, उतार असो, चिखल असो. मी तीन वर्षं जमिनीवर पाठ टेकलेली नाही.

जुना भिडू
३६५० ला हॅमॉक कशाला बांधणार? शेजारच्याच्या पायाला?

चढउतार
तळ्याजवळ झाडं नाहीत. शेवटची झाडं ३३०० च्या आसपास संपतात.
@दगडफूल, मध्ये एक पठारी तुकडा आहे, ३३४० वर, झाडं संपतात तिथून जरासा वर. ओढ्याच्या अलीकडे. पण तिथून काहीच दिसत नाही, म्हणून सोडून दिला.

दगडफूल
ओढा?

भिंगरी
थांबा. ओढा ओलांडायचा आहे?? हे आत्ता सांगताय?

चढउतार
नकाशावर बारीक निळी रेघ आहे. त्यात काय सांगायचं? पूल नाहीये, पण लोक जातात तिथून.

दगडफूल
त्या निळ्या रेघेचं वरचं टोक कुठे जातं बघा. बर्फात किंवा हिमनदीत?

चढउतार
वर एक छोटी हिमनदी आहे, हो.

जुना भिडू
झालं. आता अ-ब विसरा.

दगडफूल
हिमनदीचा ओढा दिवसभर एकसारखा वाहत नाही. रात्री वर सगळं गोठतं, त्यामुळे भल्या सकाळी पाणी सर्वांत कमी. ऊन चढलं की बर्फ वितळतं, ते पाणी खाली यायला वेळ लागतो, आणि दुपार ते संध्याकाळ ओढा भरून धावतो. सकाळी दगडांवरून उड्या मारत गेलात तिथे दुपारी गुडघाभर, गढूळ, तळ न दिसणारं पाणी. गुडघाभर म्हणजे कमी वाटतं, पण वेगात असलं तर माणूस सहज पडतो, आणि पाठीवर सॅक असते.

आता तुम्ही तिथे किती वाजता पोचाल? पहिल्या मुक्कामापासून अंतर द्या.

चढउतार
ओढ्यापर्यंत ६ किमी, तळ्यापर्यंत ११. हिशोब केलाय. नेस्मिथच्या नियमाने तळं साडेतीन तासांत येतं.

निम्मा रस्ता
नेस्मिथ हा स्कॉटलंडचा गिर्यारोहक. त्याने १८९२ साली मांडलेला हिशोब आहे तो: ५ किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाईला एक तास. तंदुरुस्त, वाट सोपी असलेल्या माणसाचा. त्यात बूट बांधणं नाही, फोटो नाहीत, "जरा थांबा, सॅकचा पट्टा टोचतोय" नाही. पाठीवर चार रात्रींचं सामान आणि अंगाला न सरावलेली उंची असली की मी सरळ दुप्पट करतो. अकरा जण म्हणजे सकाळी टेंट आवरून निघायलाच नऊ. ओढ्यापर्यंत नेस्मिथचे दोन तास, तुमचे चार. मध्ये जेवण. म्हणजे दुपारचे दोन. बरोब्बर नको त्या वेळी.

सॅकवाला
माझा ग्रुप साडेसहाला निघतो.

निम्मा रस्ता
तुमच्या ग्रुपमध्ये तुमच्याशिवाय कुणी उरलंय का अजून?

भिंगरी
आणि ग्रुपमध्ये नवीन किती? सगळ्यात हळू कोण चालतं?

चढउतार
दोघं पहिल्यांदाच टेंटमध्ये झोपणार आहेत. एकीचा गुडघा जरा बोलतो. पण ती जिद्दी आहे, मागे राहणारी नाही.

भिंगरी
जिद्दी माणसं "डोकं दुखतंय" हे सगळ्यात उशिरा सांगतात. समजा तळ्याकाठी रात्री अकरा वाजता कुणाला उलट्या सुरू झाल्या, चालताना तोल जायला लागला. अशा वेळी सकाळची वाट बघायची नसते, माणसाला खाली न्यायचं असतं. आणि खाली जायच्या वाटेवर तो ओढा. अंधारात. दिवसभराचं पाणी पोटात घेऊन. खिंडीतून उतरलात तरी या बाजूला तोच ओढा. तळ्याचा फोटो कितीही सुंदर असो, मी तरी अकरा जणांना ओढ्याच्या पलीकडे झोपवणार नाही.

चढउतार
हा विचार खरंच केला नव्हता.

पण ग्रुपला तळं कबूल केलंय हो. व्हॉट्सॅप ग्रुपचं चित्रसुद्धा तेच आहे.

दगडफूल
तळं कुठे जातंय? ३३४० ला झोपा, म्हणजे उडी ४६० चीच होते. तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ओढा ओलांडा, पाणी सगळ्यात कमी असताना. छातीचा आणि कमरेचा पट्टा सोडून ठेवा, पाय घसरला तर सॅक झटकन टाकता यायला हवी. अनवाणी नको. दोन-अडीच तासांत तळं. तिथे नाश्ता, फोटो, पाय बुडवणं, सगळं. अकराच्या आधी तळं सोडा. दुपारचे ढग जमायच्या आत खिंड मागे पडायला हवी. तिसरा मुक्काम किती उंचीवर?

चढउतार
खिंडीपलीकडे ३४८०.

दगडफूल
उत्तम. म्हणजे दिवसा ३९२० पर्यंत जाऊन झोपायला खाली. अंगाला हेच मानवतं.

आणि तळ्याकाठी राहण्यात एरवीही फार काही ठेवलेलं नाही. तीन बाजूंना कडे म्हणजे वाटीचा तळ, रात्री सगळी थंड हवा उतरून तिथेच साचते. त्याच्या पंधरा-वीस मीटर वर झोपलं तर फरक कळतो. सकाळी टेंट आतून ओलाचिंब. कड्याखालचे दगडही बघायचे असतात: अंगावर दगडफूल चढलेलं असेल तर ते वर्षानुवर्षं हललेले नाहीत. कोरे, ताज्या रंगाचे, धारदार कडांचे असतील तर वरून अजून काही ना काही येतंय. (माझं नाव तिथूनच आलंय. एका कोऱ्या दगडाशेजारी झोपलो होतो. पुढचं नंतर कधीतरी.)

शंकासुर
पुढचं आत्ताच सांगा.

जुना भिडू
३३४० च्या जागेबद्दल दोन शब्द. नकाशावर कॉन्टूरच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या रेघा किती मीटरवर आहेत?

चढउतार
४० मीटर.

जुना भिडू
म्हणजे दोन रेघांच्या मधलं 'पठार' कागदावर कोरं दिसेल आणि तिथे गेल्यावर घराएवढे उंच खडक निघतील. ४० मीटरच्या आत जे काही आहे ते नकाशाला माहीतच नाही. त्यामुळे तिथे सहा टेंट मावतील असं गृहीत धरू नका. दोघांचा टेंट जमिनीवर लहान दिसतो, पण दोऱ्या ताणल्या की जवळपास चार बाय तीन मीटर खातो. दोघा चपळांना अर्धा तास पुढे पाठवा, सॅक घेऊनच. त्यांनी जागा बघून ठेवायची. एकाच तुकड्यात सहा मावले नाहीत तर तीन-तीनच्या दोन वस्त्या करा, एकमेकांना हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर. उतारावर एखादा टेंट दामटून बसवलात तर त्यातली दोघं रात्रभर एकमेकांवर घसरत राहतात आणि सकाळी बोलत नाहीत.

झाडांच्या कडेला जाताना मान वर करा. वाळलेलं खोड, अडकलेली मेलेली फांदी दिसली तर तिच्याखाली नको. झाडांच्या फांद्या एकाच बाजूला असतील तर वारा दुसऱ्या बाजूने येतो. टेंटची निमुळती बाजू तिकडे करा.

भिंगरी
ओढ्याला चिकटूनही नको. पाण्यापासून साठेक मीटर, म्हणजे सत्तर पावलं. पुराची जुनी रेघ, अडकलेला काडीकचरा दिसतो, त्याच्या वरच राहायचं. संडासची जागाही पाण्यापासून तितकीच लांब. खड्डा वीत-दीड वीत खोल हवा आणि जागा पहिल्याच संध्याकाळी ठरवून सगळ्यांना दाखवा, अंधार पडायच्या आत. अकरा जणांनी अकरा ठिकाणं शोधली तर पाणी कुठून भरायचं हाच प्रश्न होतो.

कंदील
पाण्यावरून आठवलं. ३३०० च्या वर पाणी नव्वदच्या आतच उकळतं. त्यामुळे पिण्याचं पाणी खळखळ उकळी आल्यावर तीन मिनिटं तसंच ठेवा. गॅस त्या हिशोबाने घ्या.

चढउतार
@कंदील, हे मात्र उपयोगाचं निघालं.

ठीक. दुसरा मुक्काम ३३४०, तळं तिसऱ्या दिवशी सकाळी. ग्रुपला तसंच लिहिते. शिव्या बसणार आहेत.

सॅकवाला
मी अजूनही ब म्हणेन.

भिंगरी
आता तिसऱ्यांदा आणि शेवटचं विचारते. महिना?

चढउतार
अगं हो, राहूनच गेलं. उन्हाळ्याच्या अगदी सुरुवातीला. वाट उघडली की लगेच, गर्दी व्हायच्या आत.

दगडफूल
तो तळ्याचा फोटो कधीचा आहे?

चढउतार
बघते.

उन्हाळ्याच्या अखेरचा.

जुना भिडू
मग पाय बुडवायचं राहू द्या. बर्फावर उभं राहून फोटो काढा.

भिंगरी
आणि खिंडीच्या पलीकडच्या उतारावर त्या वेळी बर्फ किती असतं? उतार किती तीव्र आहे? बर्फावर चालायचा सराव अकरापैकी कितींना आहे?

चढउतार
तो तिसऱ्या दिवसाचा प्रश्न झाला. त्याचा वेगळा धागा काढते. उद्या.