घरफोडी झाली की गाडी आधी पारधी वस्तीवरच का?

माळरान:
फेब्रुवारीत आमच्या गावात घरफोडी झाली. नऊला पंचनामा, अकराला पारधी वस्तीवर गाडी. चार पोरं उचलली, दोन दिवस ठेवली, सोडून दिली. स्टेशन डायरीत नोंद नाही, म्हणजे कागदोपत्री ती घरीच होती! इंग्रजांनी १८७१ला गुन्हेगार जमातींचा कायदा आणला, तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ला पुसला. ठाण्यातल्या डोक्यांतून कधी पुसणार?

माजी_हवालदार:
तीस वर्षं खाकीत काढली म्हणून बोलतो. सोनं एका रात्रीत वितळतं. तोवर पुरावा कोण आणून देणार? बीट अंमलदार, म्हणजे त्या भागाचा पोलीस, रेकॉर्डवरचे तपासतो. कडी कशी कापली, गज कसा वाकवला, ते बघतो. याला अनुभव म्हणतात. आणि सरपंचापासून आमदारापर्यंत सगळे पहिलं काय विचारतात? "कोणाला उचललं?"

माळरान:
रेकॉर्डवरचे तपासा की. उचललेल्या पोरांतला एक बारावीला आहे, त्याचं रेकॉर्ड काय? आडनावं तरी बघा, पवार, भोसले, काळे. हीच आडनावं गावात असली की ठाण्यात खुर्ची मिळते.

काळाकोट:
सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची होती, हे लेखी नोंदवावं लागतं (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३५). अटकेची गरज नसेल तर नोटीस द्यायची. सर्वोच्च न्यायालयाच्या अर्नेश कुमार निकालाने २०१४ला हेच बजावलं. ऑक्टोबर २०२४मध्ये तुरुंगांतल्या जातिभेदावरच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं की विमुक्त (म्हणजे तो शिक्का पुसलेल्या) जमातींच्या लोकांना मनमानी अटक नको. चोरीसाठी केलेल्या घरफोडीची, दरोड्याची शिक्षा सात वर्षांवर जाते, मान्य. पण तिथेही विश्वसनीय माहिती लागते. जात ही कसली माहिती?

बांधावरचा:
निकाल वाचायला बरे वाटतात. आमच्या वस्तीवर दरोडा पडला तेव्हा आईच्या कानातलं ओरबाडलं, कान फाटला. सहा महिने आळीपाळीने जागलो. गाव चिडून पालांकडेच निघालं होतं. पोलिसांनी पाच-सहा जणांना आत घेतलं म्हणून पालं पेटली नाहीत. नसतं घेतलं तर?

माळरान:
आईचं वाचून वाईट वाटलं. पण पालं जाळायला निघालेल्यांपैकी किती जण आत गेले? आणि दरोडेखोर सापडले का?

बांधावरचा:
एकही नाही. आणि दरोडेखोरही नाहीत सापडले.

माजी_हवालदार:
नोंद न करणं चूकच, त्याची बाजू घेत नाही. नोंद केली की चोवीस तासांत कोर्टापुढे उभं करावं लागतं, कारण सांगावं लागतं. कारण नसतं म्हणून करत नाहीत. खरं बोललो, आता शिव्या घाला. पण संशयावरून विचारपूसच बंद केली तर घरफोड्या उघडकीला येणार नाहीत, हेही लिहून ठेवा.

माळरान:
शिव्या नाही घालत. त्या दोन दिवसांत पोराची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल बुडाली. कॉलेज गैरहजेरीचा पुरावा मागतंय. ठाण्यात नोंदच नाही, तर काय जोडायचं अर्जाला?